न दिसलेल्या वाटेचा पुरावा : हार्वेने रक्ताभिसरण खरोखर सिद्ध केले होते काय?

अनुमान

विल्यम हार्वे या इंग्लिश वैद्याचे हृदयाच्या आणि रक्ताच्या गतीविषयीचे लॅटिन पुस्तक १६२८ साली फ्रँकफर्टमध्ये प्रसिद्ध झाले. पाने अवघी ७२, प्रकरणे १७, आणि छपाईच्या चुका मात्र त्या मानाने पुष्कळ. हृदयातून धमन्यांत, धमन्यांतून शिरांत आणि शिरांतून पुन्हा हृदयात असे रक्त सतत फिरत असते, हे या पुस्तकाने सिद्ध केले, असे आपण सारेच वाचत आलो आहोत. परंतु त्याचे भाषांतर सलग वाचताना मी एका जागी थबकलो. धमन्यांच्या टोकांपासून शिरांच्या उगमापर्यंत रक्त कोणत्या वाटेने जाते, हे हार्वेला कधीच दिसले नव्हते. त्याच्याजवळ साधे भिंग होते आणि लहान प्राण्यांची हृदये पाहण्यासाठी त्याने ते वापरलेही होते. पण केशवाहिन्या, म्हणजे धमन्यांना शिरांशी जोडणाऱ्या अतिसूक्ष्म नळ्या, दिसाव्यात एवढी त्या भिंगाची ताकद नव्हती. मांसातील सूक्ष्म छिद्रांमधून रक्त पलीकडे जात असावे, एवढ्यावरच त्याला थांबावे लागले. बेडकाच्या फुप्फुसातील केशवाहिन्या मार्चेल्लो माल्पिघीने पाहिल्या त्या १६६१ साली, म्हणजे हार्वेच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. योगायोग असा, की हार्वेचे पुस्तक ज्या वर्षी निघाले त्याच वर्षी माल्पिघीचा जन्म झाला होता.

तेव्हा प्रश्न असा : वर्तुळाचा एक तुकडा निव्वळ अंदाजाने भरलेला असताना 'हार्वेने सिद्ध केले' असे म्हणावे, की हार्वेने उत्तम तर्क मांडला आणि सिद्ध माल्पिघीने केले, असे म्हणावे? माझा कल सध्या दुसऱ्या उत्तराकडे आहे. जाणकारांनी मत द्यावे.

सातवाठोका

धाग्याचा विषय आवडला, पण कल पटला नाही. आपण आठव्या प्रकरणाच्या पुढे नववे प्रकरण सावकाश वाचावे, अशी विनंती करतो, कारण पुस्तकाचा सारा भार त्या प्रकरणावर आहे.

हार्वेच्या काळी सर्वमान्य असलेली, प्राचीन ग्रीक वैद्य गॅलन याची समजूत अशी होती, की अन्नापासून यकृतात रक्त तयार होते, शिरांवाटे ते अवयवांकडे जाते आणि तेथेच खर्ची पडते. रक्त परत येण्याचा प्रश्नच त्या कल्पनेत उद्भवत नाही, कारण दररोज नवे रक्त बनत राहते. हार्वेने या समजुतीला एकच प्रश्न विचारला : किती बनते? मृत शरीरातील डावा निलय, म्हणजे हृदयाचा रक्त बाहेर ढकलणारा डावा कप्पा, पूर्ण भरला असता त्यात दोन औंसांहून अधिक रक्त मावते, हे त्याने पाहिले होते. त्यातला चौथा भाग, पाचवा भाग, फार काय आठवाच भाग प्रत्येक ठोक्याला बाहेर पडतो असे धरा, असे तो म्हणतो. अर्ध्या तासात हृदयाचे हजार ठोके धरा. ठोक्याला अर्धा औंस धरला तर अर्ध्या तासात ५०० औंस, म्हणजे सुमारे १५ किलो रक्त महाधमनीत शिरले. संपूर्ण शरीरातही एवढे रक्त नसते. ठोक्याला एकच ड्राम, म्हणजे औंसाचा आठवा हिस्सा धरला, तरी अर्ध्या तासात १२५ औंस होतात आणि दिवसभराचा हिशेब दीडशे किलोंच्या पुढे जातो. एवढे रक्त बनवण्याइतके अन्न कोणीही खात नाही, आणि एवढे रक्त खरोखरच धमन्यांत साठत गेले असते तर धमन्या फुटल्या असत्या. म्हणून ते परत येते. परत येण्याची वाट दिसली नाही, तरी परत येण्यावाचून गत्यंतर नाही, ही त्या प्रकरणाची ताकद आहे.

कुतूहल

अर्ध्या तासात हजार ठोके म्हणजे मिनिटाला तेहतीस झाले. एवढी मंद नाडी असलेला माणूस हार्वेने कोठे पाहिला?

सातवाठोका

@कुतूहल, त्याने पाहिला नव्हता, आणि हे आकडे वास्तव आहेत असा त्याचा दावाही नव्हता. काही जणांच्या हृदयाचे अर्ध्या तासात दोन, तीन, किंबहुना चार हजार ठोके पडतात, हे तो लगेच पुढे लिहितो. हिशेबासाठी त्याने मुद्दाम सर्वांत कमी आकडा घेतला. आजच्या मोजमापांनुसार विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ माणसाचे हृदय ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर आणि मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त बाहेर टाकते. अर्ध्या तासात दीडशे लिटर. हार्वेचा अर्ध्या औंसाचा हिशेब याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याचा आहे. पण चूक कोणत्या दिशेने आहे, ते महत्त्वाचे. प्रतिपक्षाला झुकते माप देऊनही प्रतिपक्ष हरत असेल, तर माप नेमके करण्याने काय बदलणार होते?

गॅलनचा_वकील

नावाला जागून अशिलाची बाजू मांडतो. गॅलनला मूर्ख ठरवण्याची प्रथा या विषयावरच्या लेखनात फार आहे. धमन्यांत हवा नसून रक्त असते, हे त्यानेच धमनी दोन ठिकाणी बांधून आणि मधला भाग उघडून दाखवले होते. हृदयाच्या झडपा रक्ताला एकाच दिशेने जाऊ देतात, हेही त्याला ठाऊक होते. त्याची खरी अडचण दोन निलयांमधल्या पडद्याची. उजवीकडचे रक्त डावीकडे जाते खरे, पण कोठून, याचे उत्तर म्हणून त्याने त्या पडद्यात न दिसणारी छिद्रे मानली. शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसालिअसने आपल्या ग्रंथाच्या १५५५ च्या आवृत्तीत त्या छिद्रांवर उघड शंका घेतली, आणि हार्वेने तर अशी छिद्रे अजिबात नाहीत, असे जवळजवळ शपथेवर सांगितले.

आता गंमत पाहा. गॅलनने पडद्यात न दिसणारी छिद्रे मानली, ती अंधश्रद्धा ठरली. हार्वेने मांसात न दिसणारी छिद्रे मानली, तो वैज्ञानिक तर्क ठरला. न्यायालयाने दोघांना एकच नियम लावावा, एवढीच माझी नम्र मागणी आहे.

दुसरे असे, की फुप्फुसांमार्गे रक्त उजवीकडून डावीकडे जाते ही कल्पना हार्वेची नव्हे. तेराव्या शतकात इब्न अल-नफीसने ती लिहून ठेवली होती. त्या हस्तलिखिताकडे आधुनिक अभ्यासकांचे लक्ष मात्र १९२४ साली गेले. मिगुएल सेर्वेतोने १५५३ साली ती चक्क धर्मशास्त्रावरील ग्रंथात मांडली आणि त्याच वर्षी त्या ग्रंथातील धर्ममतांपायी जिनिव्हात त्याला जाळण्यात आले. रेआल्दो कोलोंबोने १५५९ साली ती शरीररचनेच्या ग्रंथात प्रसिद्ध केली, आणि हार्वे त्याचा उल्लेखही करतो.

आडवळण

वकीलसाहेबांचा युक्तिवाद चतुर आहे, पण दोन छिद्रांत मोठा फरक आहे. पडद्यातील छिद्रे गॅलनला आपली उपपत्ती वाचवण्यासाठी हवी होती. ती वगळल्यावर रक्ताला दुसरी वाट मिळते, हे कोलोंबोने दाखवले. मांसातील छिद्रे वगळली तर हार्वेच्या हिशेबातील रक्ताला वाटच उरत नाही. बोगद्याच्या एका तोंडातून गाड्या सतत आत जात आहेत, दुसऱ्या तोंडातून तितक्याच वेगाने बाहेर येत आहेत, आणि आत गाड्या साठवण्याइतकी जागा नाही, एवढे कळले की बोगदा सलग आहे हे मानण्यासाठी आत कंदील घेऊन जावे लागत नाही.

शंकेखोर

बाहेर येणारी गाडी तीच आहे, हे कशावरून? पलीकडच्या तोंडाशी नव्या गाड्या तयार होत नाहीत, याला आपण काय पुरावा द्याल? हार्वेचा हिशेब रक्त 'जास्त' आहे हे दाखवतो. ते 'तेच' आहे हे दाखवत नाही. @अनुमान यांचा मूळ प्रश्न माझ्या मते अजून उभाच आहे.

नाडीपरीक्षक

शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात बराच काळ गेला असल्याने राहवत नाही. चर्चा फक्त नवव्या प्रकरणाभोवती फिरते आहे, पण 'कोणत्या दिशेने' या प्रश्नाचे उत्तर अकराव्या आणि तेराव्या प्रकरणांत आहे, आणि ते गणिताने दिलेले नसून हाताने दिलेले आहे.

दंडाला पट्टी अतिशय घट्ट बांधली, तर मनगटाची नाडी थांबते, पट्टीच्या वरच्या बाजूला धमनी उसळत राहते, आणि हात हळूहळू गार पडतो. तो फुगत मात्र नाही. आता पट्टी थोडी सैल केली, इतकी की खोलवरची धमनी मोकळी व्हावी पण कातडीलगतच्या शिरा दाबलेल्याच राहाव्यात, की हात लालसर होतो, फुगतो आणि पट्टीखालच्या शिरा टरारून वर येतात. रक्त धमन्यांतून हातात शिरले आणि शिरांतून परत जाताना अडले, याखेरीज दुसरा अर्थ येथे लागत नाही. शंकेखोर यांनी लक्षात घ्यावे, की शिरांतले रक्त यकृताकडून हाताकडे येत असते, तर शिरा पट्टीच्या वर फुगायला हव्या होत्या. त्या खाली फुगतात. आणि घट्ट पट्टी असेपर्यंत हात फुगत नव्हता, धमनी मोकळी होताच फुगला, यावरून शिरांत भरलेले ते रक्त धमनीतूनच आले होते, हेही दिसते. पलीकडच्या तोंडाशी स्वतंत्रपणे काही तयार होत असते, तर ते घट्ट पट्टीतही व्हायला हवे होते.

झडपांचा प्रयोग त्याहून सुबक आहे. हात खाली सोडला की पुढच्या बाजूला शिरांवर ठिकठिकाणी लहान गाठी दिसतात, त्या झडपा. एका बोटाने शीर दाबून धरावी आणि दुसऱ्या बोटाने तेथून खांद्याच्या दिशेने रक्त पुढच्या झडपेपलीकडे ढकलावे. मधला भाग रिकामा होतो आणि वरून भरून येत नाही. खालचे बोट उचलताच तो खालून भरतो. हार्वे येथेही मोजणी सोडत नाही : हीच क्रिया हजार वेळा केली तर एकाच शिरेच्या एवढ्याशा भागातून किती रक्त वर गेले असेल, ते वाचकाने पाहावे, असे तो सांगतो. हा बोटांचा प्रयोग कोणीही करून पाहू शकतो. पट्टीचा प्रयोग मात्र घरी करू नये. घट्ट बांधलेला दंड ही गमतीची गोष्ट नव्हे.

या झडपांचे तपशीलवार वर्णन हार्वेच्या पादुआ येथील गुरूने, फाब्रिसिअसने, १६०३ साली प्रसिद्ध केले होते. झडपांची तोंडे हृदयाकडे आहेत, हेही त्याने नोंदवले होते. तरीही रक्त वेगाने खाली जाऊन हातापायांत साचू नये म्हणून त्या आहेत, असा अर्थ त्याने लावला. हार्वेच्या पुस्तकातील हातांची सुप्रसिद्ध चित्रे गुरूच्याच चित्रावरून बेतलेली आहेत.

मृण्मयी

समकालीनांनी काय आक्षेप घेतले, हेही या प्रश्नासाठी पाहण्यासारखे आहे, कारण 'वाट दिसत नाही' हा त्यांच्यापैकी बहुतेकांचा मुख्य आक्षेप नव्हता. पॅरिसच्या झाँ रिओलाँने अभिसरण अर्धवट मान्य केले : रक्त फिरते, पण मोठ्या वाहिन्यांतूनच, आणि दिवसातून दोन-तीन वेळाच. उघडच आहे, की त्याला गॅलनची औषधयोजना वाचवायची होती. हार्वेने १६४९ साली त्याला दोन लेखांनी सविस्तर उत्तर दिले. देकार्तने १६३७ सालीच अभिसरणाची बाजू घेतली, पण हृदय आकुंचन पावून रक्त ढकलते हे त्याने नाकारले. हृदयातील उष्णतेने रक्त प्रसरण पावते आणि म्हणून बाहेर पडते, असे त्याचे म्हणणे होते. म्हणजे वर्तुळ मान्य, पंप अमान्य. व्हेनिसच्या पारिझानोने तर हृदयाचा आवाज छातीत ऐकू येतो या विधानाचीच खिल्ली उडवली. तो आवाज व्हेनिसमध्ये कोणाला ऐकू येत नाही, लंडनमध्ये येत असेल तर असो, असे त्याने लिहिले.

कुतूहल

व्हेनिसमध्ये बहुधा पाण्याचा आवाज फार असावा.

गॅलनचा_वकील

नाडीपरीक्षक यांच्या प्रतिसादानंतर माझ्या अशिलाची बाजू लंगडी झाली, हे न्यायालयाच्या लक्षात आले असेलच. तरीही दोन मुद्दे नोंदवून ठेवतो.

पहिला असा, की आपण हार्वेला जितके आधुनिक समजतो तितका तो नव्हता. आठव्या प्रकरणात, जेथे तो वर्तुळाची कल्पना प्रथम मांडतो, तेथे आधार म्हणून अॅरिस्टॉटल येतो : ओल्या पृथ्वीवरून वाफ वर जाते, पाऊस होऊन खाली येते, आणि हे चक्र वरच्या गोलांच्या वर्तुळाकार गतीचे अनुकरण करते, तसेच रक्ताचे. हृदय हा शरीराचा सूर्य, आणि अर्पणपत्रिकेत राजा पहिला चार्ल्स हा राज्याचे हृदय. हिशेब त्यानंतर येतो. वर्तुळ आधी आवडले आणि आकडे मागून जुळवले, असे कोणी म्हटले तर त्याला गप्प करणे सोपे नाही.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. गास्पारे आसेल्लीने १६२२ साली आतड्यांपासून निघणाऱ्या, दुधासारख्या द्रवाने भरलेल्या वाहिन्या कुत्र्याच्या शरीरात पाहिल्या. झाँ पेके याने १६५१ साली तो द्रव छातीतील नलिकेवाटे मानेजवळच्या शिरांत पोहोचतो, हे दाखवले. या वाहिन्या डोळ्यांना दिसत होत्या. हार्वेने १६५० नंतरच्या पत्रांत त्यांचे हे महत्त्व मान्य करायला नकार दिला. ज्याने स्वतःची न दिसलेली वाट जगाला मान्य करायला लावली, त्यानेच दुसऱ्यांची दिसलेली वाट नाकारली. याला काय म्हणावे?

सातवाठोका

दुसरा मुद्दा खरा आहे आणि हार्वेच्या चाहत्यांनी तो झाकून ठेवू नये. पहिल्याबद्दल मात्र हरकत. एखाद्याला कल्पना कोठून सुचली आणि ती कशावर टिकली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अॅरिस्टॉटलचे पान फाडून टाकले, तरी नववे प्रकरण उभे राहते. नववे प्रकरण फाडले, तर अॅरिस्टॉटलच्या आधारावर कोणाही वैद्याने मत बदलले नसते. शिवाय कल्पना कोठून सुचली याबद्दल रॉबर्ट बॉइलने वेगळीच आठवण नोंदवली आहे. हार्वेला त्याने हे विचारले तेव्हा शिरांतील झडपांच्या रचनेवरून सुचले, असे उत्तर मिळाले.

दहाव्या प्रकरणातला सापाचा प्रयोगही येथे आठवतो. जिवंत सापाची हृदयाकडे येणारी महाशिरा चिमटीत दाबली, की दाबलेल्या जागेपासून हृदयापर्यंतचा भाग रिकामा होतो आणि हृदय फिकट व लहान होते. सोडली की पुन्हा भरते. उलट हृदयातून निघणारी धमनी दाबली, की हृदय तट्ट फुगते आणि जांभळे पडते. वाचायला हे क्रूर वाटते, आणि आहेच. परंतु साप, बेडूक, मासे यांची हृदये संथ चालत असल्यामुळेच त्याला गतीचे टप्पे वेगळे करता आले. सुरुवातीला प्राण्यांच्या वेगवान हृदयांकडे पाहून तो इतका हताश झाला होता, की हृदयाची गती फक्त देवालाच कळावी असे वाटू लागल्याचे त्यानेच लिहिले आहे.

वाचनमात्र

एवढे सगळे होऊनही उपचारांत काही बदलले नाही, हे मला सर्वांत आश्चर्याचे वाटते. रक्त नव्याने बनून खर्ची पडत नसून तेच फिरते, हे कळल्यावर शिरा कापून रक्त काढण्याची पद्धत थांबायला हवी होती. ती पुढे दोन शतके चालू राहिली, आणि हार्वेही रुग्णांचे रक्त काढत असे.

नाडीपरीक्षक

@वाचनमात्र, त्याचे एक कारण असे, की रक्त *का* फिरते, हे हार्वेला सांगता आले नाही. फुप्फुसांत रक्ताचा रंग बदलतो तो हवेमुळे, हे रिचर्ड लोअरने १६६९ साली दाखवले, आणि ऑक्सिजनचा शोध त्यानंतर आणखी शंभर वर्षांनी लागला. हेतू कळल्याखेरीज उपचार बदलत नाहीत.

मूळ प्रश्नाकडे येतो. १६५१ साली हॅम्बुर्गच्या श्लेगेल याला लिहिलेल्या पत्रात हार्वेने एक प्रयोग सांगितला आहे. फाशी दिलेल्या माणसाच्या शवात त्याने फुप्फुसाकडे जाणारी धमनी बांधून उजव्या निलयात जोराने पाणी भरले. निलय फुगला, पण पडद्यातून थेंबभरही पाणी डावीकडे आले नाही. मग फुप्फुसाच्या धमनीतून पाणी ढकलले, तेव्हा ते डाव्या निलयातून रक्तासह बाहेर आले. म्हणजे निदान फुप्फुसांपुरती तरी, आतली वाट न दिसताही ती सलग आहे, हे त्याने पाणी घालून दाखवले. गॅलनच्या छिद्रांना आणि हार्वेच्या छिद्रांना एकच नियम लावा, अशी वकीलसाहेबांची मागणी होती. तो नियम येथे लावलेला आहे, आणि दोघांची कसोटी एकाच शवावर झाली आहे.

गॅलनचा_वकील

अशिलाशी बोलून घेतो. तूर्त अपील करण्याचा विचार नाही.

अनुमान

सर्वांचे आभार. दंडाच्या प्रयोगाचे महत्त्व मी वाचताना पुरेसे ओळखले नव्हते. आता माझे म्हणणे असे आहे, की 'सिद्ध केले' या शब्दांखाली आपण दोन दावे एकत्र बांधतो. रक्त धमन्यांतून शिरांत जाते आणि हृदयाकडे परत येते, हा दावा १६२८ साली पूर्ण झाला होता. त्यासाठी माल्पिघीची गरज नव्हती. ते बंदिस्त नळ्यांमधून जाते, मांसात मोकळे पसरून नव्हे, हा दावा माल्पिघीचा, आणि तो हार्वेने केलेलाच नव्हता. किंबहुना मांसातून झिरपण्याची त्याची कल्पना या बाबतीत चुकीचीच ठरली. त्यामुळे माल्पिघीने हार्वेचे वर्तुळ पूर्ण केले हे नेहमीचे वाक्य मला आता अपुरे वाटते. त्याने त्यात दुरुस्तीही केली.

शंकेखोर

@अनुमान, दंडाच्या प्रयोगाने स्थानिक वाट दाखवली, हे मान्य करतो. पण संपूर्ण फेरा? उजव्या हृदयातून निघालेले रक्त फुप्फुसे, डावे हृदय, एखादा अवयव असे फिरून परत उजवीकडे आले, हे त्याच रक्ताचा माग काढून दाखवलेले असेल, तरच माझे समाधान होईल. हार्वेने फेऱ्याला लागणारा वेळही सांगितलेला नाही. अर्धा तास, एक तास किंवा दिवसही लागत असेल, असे तो मोकळे सोडतो.

सातवाठोका

@शंकेखोर, तसा माग काढला गेला, पण हार्वेनंतर दोनशे वर्षांनी. एड्युआर्ट हेरिंगने १८२९ च्या सुमारास घोड्याच्या मानेतील एका बाजूच्या शिरेत पोटॅशिअम फेरोसायनाइडचे द्रावण सोडले आणि दुसऱ्या बाजूच्या त्याच शिरेतून थोड्या-थोड्या सेकंदांनी रक्ताचे नमुने घेतले. लोहाच्या क्षाराशी हे द्रव्य गडद निळा रंग देते, म्हणून ते रक्तात पोहोचले की नाही, हे ओळखता येते. ते साधारण अर्ध्या मिनिटात पोहोचले. एका शिरेतून दुसऱ्या शिरेत जायला उजवे हृदय, फुप्फुसे, डावे हृदय, डोक्याच्या धमन्या आणि तेथील केशवाहिन्या यांखेरीज वाट नाही, तेव्हा हा आपण मागितलेला पूर्ण फेरा झाला. हार्वेने अर्ध्या तासापासून दिवसापर्यंत मोकळे सोडलेले उत्तर त्याच्या सर्वांत धाडसी अंदाजापेक्षाही कितीतरी लहान निघाले.